आधी कड, मग मध

गवत पिकून पिवळं पडायला लागलं होतं आणि आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. कापलेल्या गवताला दोन-तीन कडक उन्हं मिळाली तर ते गंजीत जाऊन जनावरांना वर्षभर पुरतं. भिजलं तर काळं पडतं, आणि काळ्या गवताचा वास घेऊन गाय मान फिरवते. घरातला प्रत्येक जण दिवसातून दहादा अंगणात येऊन वर बघायचा आणि आत जायचा.

कापणी थांबली होती ती एका पाखरासाठी.

त्याला सगळे करकऱ्या म्हणत. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा त्याचा आवाज, तोही पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हाताऱ्याने तो जन्मभर ऐकला होता, पाखरू मात्र क्वचित पाहिलं होतं. ते गवतातच राहतं, गवतातच पळतं, गवतातच अंडी घालतं, आणि जिवावर बेतल्याशिवाय उडत नाही. शेजारच्या खोऱ्यांतून ते कधीच नाहीसं झालं होतं. इथं अजून होतं, आणि सगळ्यांत जास्त आवाज म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या पुतण्याच्या लागून असलेल्या कुरणांतून येत होते. हे शोधून काढलं होतं शहरातून आलेल्या एका मुलीने. कुठलं पाखरू कुठं आहे आणि कुठं नाही याचा नकाशा करायचं तिचं काम. गावाने तिचं नाव पाखरंवाली ठेवलं.

म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघराचं मागचं दार कुरणाकडे उघडत होतं. पहाटे चूल पेटवताना सुनेला आवाज ऐकू यायचे. ती दारात उभी राहून हात करायची, "एक ओहोळाजवळ. दुसरा बांधाच्या अलीकडे, तिसरा पलीकडे," आणि पाखरंवाली फोनवर ठिपके ठेवायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला काही विचारत होतं आणि ती सांगेल ते खरं धरत होतं. नळावर बायका तिला पाखरांची आत्या म्हणायला लागल्या. ती हसून घ्यायची, पण घागर घेऊन परतताना तिची पाठ जरा ताठच असायची.

कापणी जवळ आली तशी पाखरंवाली ओट्यावर येऊन बसली. तिने चहा घेतला आणि सरळ म्हाताऱ्याशीच बोलली.

"बाबा, पिल्लं अजून उडत नाहीत. तुम्ही कडेकडेनं कापत आत आलात की ती आत आत सरकतात. कापलेल्या उघड्या जमिनीवर पाऊल टाकायला ती घाबरतात. शेवटी सगळी मधल्या तुकड्यात गोळा होतात, आणि तो तुकडा तुम्ही शेवटी कापता."

"उघड्यावर यायचं नाही, आत आत सरकायचं," म्हातारा म्हणाला. "म्हणजे सुनेचीच जात की."

सगळे हसले. सूनही पदर तोंडाला लावून हसली.

"म्हणून मधून सुरू करा आणि बाहेर बाहेर या," पाखरंवाली म्हणाली. "पिल्लं बांधाच्या झुडपांत जातील, ओहोळात जातील. वाचतील."

म्हातारा हसायचा थांबला. "आमच्यात आधी कड, मग मध. माझ्या बापानं असंच कापलं. कड आधी घेतली नाही तर माझा पुतण्या बांध कोरतो. दरवर्षी हातभर आत येतो. पाखरू मेलं तर एक पाखरू मेलं. बांध गेला तर आम्ही मेलो."

"मामंजी," सून हळूच म्हणाली, "मी ताईंना शब्द दिलाय."

"तू दिलास?" म्हाताऱ्याने मान वर केली. "घराचा?"

तिने मान डोलावली. तिचा नवरा पायाच्या अंगठ्याने ओट्याची माती उकरत होता. म्हाताऱ्याने कुरणाकडे बघितलं.

"दिलास तर पाळायला हवा," तो शेवटी म्हणाला आणि चप्पल शोधायला उठला.

कापायचं मशीन दोन्ही घरांत सामाईक होतं. भांडण कितीही असो, मशीन एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे, यात कधी खंड पडला नव्हता. त्या वर्षी पहिला दिवस म्हाताऱ्याचा आला.

सकाळी तिघं कुरणावर पोचली तेव्हा दव अजून होतं. बांधाशी येऊन म्हातारा थांबला. बांधाच्या अलीकडे, त्यांच्या बाजूला, दीड हात रुंदीचा पट्टा विळ्याने कापून नेलेला होता. बुडखे ओले होते, कापाला अजून हिरवा वास होता. म्हातारा खाली बसला आणि बुडख्यांवरून तळहात फिरवू लागला.

पलीकडे पुतण्या आणि त्याची बायको आपल्या गवतात उभे होते. नात्याने ती सुनेची थोरली जाऊ. जाऊबाईंनी कमरेवर हात ठेवला.

"काय हो काका, काय हरवलं का?"

"बांध हरवला," म्हातारा म्हणाला.

"असा कसा हरवेल? तुमच्याकडे तर नकाशा करणारी माणसं येतात." पुतण्या हसला. जाऊबाई सुनेकडे वळल्या. "आता तुमची कापणी पाखरांना विचारून होते म्हणे? बरंय बाई. शहरच्या पोरीनं चार वेळा वहिनी म्हटलं, तर ही घराची कड सोडायला निघाली."

सुनेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुतण्याच्या घरचा गडीही हसत होता. नवरा मशीनवर बसून तिच्याकडे बघत होता. कुठून सुरू करायचं हे तिने सांगायचं होतं, कारण शब्द तिचा होता.

"कडेनं घ्या," ती म्हणाली.

नवऱ्याला ऐकू गेलं नाही असं वाटून ती मोठ्याने म्हणाली, पलीकडे जाईल अशा आवाजात. "कडेनं घ्या! बांध आधी मोकळा करा."

"शब्दाचं काय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मधलं शेवटीच राहणार ना. तोवर निघून जातील पाखरं."

म्हातारा जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला. ओट्यावर तोही बसला होता, त्यानेही सगळं ऐकलं होतं. मग त्याने दाताळं उचललं.

मशीन बांधाला लागून गेलं, ओहोळावरून वळलं, वरच्या अंगाने फिरलं आणि परत बांधाशी आलं. मागे गवत आडवं पडत होतं. सून आणि म्हातारा दाताळ्याने ते पसरत होते. ऊन चढलं. गवताचा भुसा मानेला चिकटून खाजू लागला, घामाच्या धारेतून पोटापर्यंत उतरला. डोळ्यांत कुसळं जात होती. ती काम करत होती ते अंगात आल्यासारखं. जाऊबाईंच्या बाजूला बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि दर खेपेला बांधाशी आली की बघत होती. त्या तिथंच होत्या.

दुपारपर्यंत मधे घराएवढा तुकडा उरला. मग गोठ्याएवढा.

वारा पडला होता. तरी तुकड्यातलं गवत हलत होतं. शेंडे एका बाजूला झुकायचे, थांबायचे, मग दुसऱ्या बाजूला झुकायचे. मशीन ज्या बाजूने जाई त्याच्या उलट बाजूला ती हालचाल जाई.

नवऱ्याने मशीन थांबवलं. इंजिन चालू ठेवून तो तिच्याकडे वळून बघू लागला.

तेवढा तुकडा तसाच ठेवला असता तरी चाललं असतं. अंधार पडल्यावर ती पाखरं कापलेल्या जमिनीवरून पळून गेली असती. पाखरंवालीने तेही सांगून ठेवलं होतं. गोठ्याएवढ्या गवताने घर बुडत नव्हतं. तिने फक्त हात वर करायचा होता.

पण हात वर केला असता तर बांधावरच्या सगळ्यांना कळलं असतं की सकाळी ती चुकली. जाऊबाई दोन पावलं पुढे येऊन मान उंचावून बघत होत्या. काय झालं, का थांबले, असं पुतण्याला विचारत होत्या.

सून खाली वाकली आणि दाताळं ओढू लागली.

नवऱ्याने आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग गिअर टाकला.

मशीनचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. काहीतरी बदलेल, अडखळेल, असं तिला वाटत होतं. एक मोठं पाखरू पात्याच्या पुढून फडफडत उठलं, लोंबत्या पायांनी कसंबसं बांध ओलांडून पुतण्याच्या गवतात पडलं. तेवढंच एक. मशीन तुकड्यावरून गेलं, वळलं, पुन्हा गेलं, आणि कुरण संपलं.

म्हाताऱ्याला पहिलं सापडलं. काळं, पिसांपेक्षा लवच जास्त, पाय मात्र लांब. त्याने ते तळहातावर घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, खाली ठेवलं आणि वर मूठभर गवत टाकलं.

"आता जेवायला बसू," तो म्हणाला. कुणाच्याही तोंडाकडे त्याने बघितलं नाही.

बापलेक झाडाखाली गेले. सून मागे राहिली. पेंडीचं रिकामं पोतं घेऊन ती मधल्या जागेत फिरली, दाताळ्याने गवत उलटत. काही अख्खी होती, काही नव्हती. कुत्री येतील म्हणून गोळा करतेय, असं ती स्वतःला सांगत होती. पण पोतं भरल्यावर ती ते घेऊन ओहोळाकडे गेली नाही. घरामागे गेली, उकिरड्यात कोपरापर्यंत हात घालून खड्डा केला, पोतं आत दाबलं आणि वर शेण ओढलं. मग साबण लावून हात धुतले. जेवताना हाताला साबणाचा वास येत होता, तरी तिने डावा हात मांडीखाली घेतला.

संध्याकाळी आभाळ काळं झालं म्हणून तिघांनी सगळ्या रांगा मोडून गवताचे ढीग घातले. मशीन कसं फिरलं होतं, याची खूण राहिली नाही. पाऊस काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखरंवाली गाडीवरून उतरली ती सरळ कुरणात गेली. हातातल्या काठीने बुडखे बाजूला करत ती आडवी गेली, उभी गेली, पुन्हा आडवी गेली. सून मागच्या दारात उभी राहून बघत होती. पलीकडे पुतण्याच्या कुरणाच्या कडेला मशीन उभं होतं. पुतण्या इंधन ओतत होता, जाऊबाई दाताळ्याला दांडा बसवत होत्या.

पाखरंवाली धापा टाकत परत आली. तिच्या गालांवर लाली आली होती.

"एकही नाही, वहिनी! सगळं पालथं घातलं. एकसुद्धा मेलेलं नाही!" आणि तिने सुनेला मिठीच मारली. सुनेचे हात तसेच खाली लोंबत राहिले.

"मधूनच सुरू केलंत ना?"

सुनेने तोंड उघडलं. आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. "तुम्ही सांगितलंत तसंच केलं, बाई."

तो दारात आला होता. सुनेकडे न बघता तो दाराच्या बिजागरीला बोट लावून गंज बघत होता. या घरात तो तिच्यासाठी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

"पण बाबा, मला वाटतं याहून मोठी गोष्ट आहे," पाखरंवाली म्हणाली. "मधून कापलं तरी एखाद-दुसरं सापडतंच. इथं एकही नाही. म्हणजे पिल्लं आधीच मोठी होऊन निघून गेली असणार. यंदा हंगाम लवकर झालाय." तिने फोन काढला. "खालची सगळी कुरणं मी थांबवून ठेवलीत. लोक रोज शिव्या देतात. त्यांना कळवून टाकते, आता कापा. कुठूनही कापा. तुमच्या पुतण्यालाही सांगते."

बांधापलीकडे मशीनचं इंजिन लागलं. पाखरंवाली फोन कानाला लावून बोट वर करून उभी राहिली, कुणी उचलतंय का याची वाट बघत.

काल ते पाखरू बांध ओलांडून पडलं ते त्याच गवतात. आज पहाटे तिथून आवाज आला होता. सुनेने दारात उभं राहून तो ऐकला होता आणि हात केला नव्हता.

"ताई, फोन ठेवा."

"काय?"

"फोन ठेवा. माझ्याबरोबर या."

"सूनबाई," म्हातारा म्हणाला.

ती थांबली नाही. उकिरड्याशी जाऊन गुडघ्यांवर बसली. फावडं भिंतीलाच टेकवलेलं होतं, पण तिने हातानेच शेण उपसलं. वरचा थर गरम होता. पोत्याचं टोक हाताला लागलं. तिने पोतं ओढून बाहेर काढलं. माशा उठल्या. पुतण्याने इंजिन चालूच ठेवलं होतं. काय चाललंय ते बघायला तो आणि जाऊबाई बांध ओलांडून आले होते. नवरा गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आला आणि पाटीसकट उभा राहिला.

"कडेनं कापलं," सून म्हणाली. "मीच सांगितलं. यांनी मशीन थांबवलं होतं, तरी मी काही बोलले नाही. ही लपवली पण मीच."

पाखरंवाली उकिडवी बसली, पाठीवरची पिशवी काढली आणि तिच्यातून एक छोटा ताणकाटा बाहेर काढला. पिल्लाचं वय कळायला ते त्याच्या हुकाला लटकवून वजन करायचं होतं. तिला एकटीला ते जमेना.

"धराल का?" तिने विचारलं.

सुनेने धरलं. एकेक करून पोत्यातून काढायचं, पाखरंवालीच्या हुकाला लावायचं, पंख पसरून धरायचं, बाजूला ठेवायचं. जे अख्खं नव्हतं त्याचं वजन करायचं नव्हतं, तरी बाहेर काढायचं होतं. कुणी जात नव्हतं. जाऊबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"पंखांत पिसांच्या नळ्या फुटल्यात," पाखरंवाली म्हणाली, कुणालाही उद्देशून नाही. "आणखी आठवडाभरात उडाली असती." आणि मग खाली बघतच, "मला सांगितलं असतंत वहिनी, तर मी रागावले नसते."

"रागावला असता तर बरं झालं असतं," सून म्हणाली.

काम संपल्यावर पाखरंवाली लांब जाऊन फोनवर बोलली. थांबा, असं सांगत होती. पलीकडून कुणीतरी ओरडत होतं, ते इथवर ऐकू येत होतं.

म्हातारा पाण्याची कळशी घेऊन आला. "हात कर," म्हणाला. सून दचकली. सासऱ्याने पाणी घालायचं आणि सुनेने हात धुवायचे, असं या घरात कधी झालं नव्हतं. तिने हात पुढे केले. तो बारीक धार धरून ओतत राहिला, कळशी संपेपर्यंत. दोघांनीही वर बघितलं नाही.

"मग आमचं काय?" पुतण्याने विचारलं. "मशीन चालू आहे, डिझेल जळतंय."

"मधून घ्या," पाखरंवाली परत येत म्हणाली. "तुमच्याकडे अजून आहेत."

"मधून घेतो. आणि कड? काका सकाळपासून विळ्याला धार लावतायत. मी मधे गेलो की हे कालचा दीड हात वसूल करायला येणार."

"नाही येणार," म्हातारा म्हणाला.

"तुमच्या घरचा शब्द आत्ताच बघितला की." जाऊबाईंनी पोत्याकडे मान केली.

नवऱ्याने शेवटी पाटी खाली ठेवली. म्हाताऱ्याने रिकामी कळशी उपडी केली, राहिलेले थेंब झटकले.

"सुनेला उभी करा बांधावर," तो म्हणाला. "तिला ओलांडून मी येणार नाही."

"ती तुमचीच ना?"

"माझीच आहे. म्हणूनच येणार नाही."

पुतण्याने बायकोकडे बघितलं. जाऊबाई खांदे उडवून चालायला लागल्या.

सून बांधावर जाऊन उभी राहिली. पाठ पुतण्याच्या कुरणाकडे, तोंड आपल्या घराकडे. मागे मशीन गवतातून आत शिरल्याचा आवाज आला, मग मधे पोचल्याचा. ऊन डोक्यावर आलं. बांधावर सावली नव्हती. नवरा पाणी घेऊन आला, तांब्या तिच्या हातात दिला आणि बांधाच्या अलीकडेच थांबला. इथं यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. "बस जरा," म्हणाला. ती बसली नाही. घराच्या ओट्यावर म्हातारा दिसत होता. विळा आत ठेवून आला होता, मोकळे हात मांडीवर घेऊन तो कुरणाकडे तोंड करून बसला होता. सगळ्या गावाला दिसेल असा.

मशीनचा आवाज मोठा होत जवळ येऊ लागला तेव्हा तिच्या मागचं गवत सळसळलं. तिने मान वळवली नाही. पायाशी झुडपात काहीतरी घुसलं, थांबलं, त्याच्या मागून आणखी काही घुसलं. तिने टाचा जुळवून घेतल्या आणि श्वास रोखला. कुणाला हाक मारावी असं तिला वाटलं नाही.

वाटेने दूधवाला सायकल हातात धरून चालला होता. रिकामे कॅन खडखडत होते. बाई माणूस भर उन्हात बांधावर नुसतंच उभं आहे हे बघून तो थांबला.

"काय वहिनी, राखणीला उभ्या का? कुणापासून राखताय?"

"आमच्यापासून," ती म्हणाली.

दूधवाला मोठ्याने हसला. विनोद चांगला होता, पुढे कुठं तरी सांगायला होईल, अशा बेताने मान हलवत निघून गेला. जाऊबाई तोवर गवत ओढत बांधाजवळ आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या हसल्या नाहीत. दाताळं टेकवून क्षणभर सुनेच्या पाठीकडे बघत राहिल्या, आणि मग पुन्हा गवत ओढायला लागल्या, बांधापासून हातभर लांबून.